काळा पाइन आणि गोव्याचा पाऊस: फोंड्यातल्या एका बोन्सायचं प्रकरण

गोव्यात पाइन जगत नाही, इथं फार गरम होतं, हे वाक्य बोन्साय करणाऱ्यांच्या तोंडी इतकं बसलंय, की झाड पिवळं पडलं तरी कुणी कारण शोधायला जात नाही. फोंडा तालुक्यातल्या एका घरी जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण त्या झाडाला उन्हाने काहीही केलं नव्हतं.

घर कुळागरवाल्यांचं, म्हणजे पोफळीच्या बागायतदारांचं. पोफळी, माड, मिरवेली, केळी, खाली वाहता पाट. घरातले भाऊ साठीच्या पुढचे, सगळं आयुष्य झाडांत गेलेलं. त्यांचा मुलगा बंगळूरला नोकरीला. त्याने तिथल्या एका नर्सरीतून नोव्हेंबरात ‘जपानी पाइन’ म्हणून हे झाड आणलं. उंची दीड फुटाच्या आसपास, बुंधा मनगटाएवढा, साल खवल्याखवल्यांची, आणि खालच्या बाजूला डावीकडे गेलेली एक लांब आडवी फांदी. झाडाचा सगळा डौल त्या फांदीवर होता.

हिवाळ्यात झाड उत्तम होतं. फेब्रुवारीत शेंड्यांवर कँडल, म्हणजे मेणबत्तीसारखे उभे नवे कोंब, आल्या आणि मार्चमध्ये लांबल्या. झाड खूश आहे, आता त्याला चांगली कुंडी देऊ, असं भाऊंना वाटलं. त्यांनी निळ्या चकचकीत ग्लेझची उथळ कुंडी आणली, कुळागरातली लाल माती, शेणखत आणि थोडा कोकोपीट असं मिश्रण केलं, वर शेवाळ लावलं. दिसायला ते फारच देखणं झालं. एप्रिलात उकाडा वाढला तसं झाडाला थंडावा म्हणून रोज रात्री एसीच्या खोलीत ठेवायला सुरुवात झाली. जूनमध्ये पाऊस लागल्यावर कुंडी सोप्यावर आली, पागोळ्यांपासून हातभर आत. जुलैत सुया टोकाकडून पिवळ्या पडू लागल्या. मातीत पांढरे तंतू दिसले म्हणून बुरशीनाशकाचं पाणी ओतलं गेलं. ऑगस्टमध्ये मला फोन आला. “ताई, येऊन एकदा बघून जा. टाकून द्यायचं तर तसं सांगा,” भाऊ म्हणाले.

आधी ओळख

पाइन म्हणून आपल्याकडे काय काय विकलं जातं याला धरबंध नाही. नाताळात घरोघर दिसणारा अरोकेरिया, किनाऱ्यावरचा सुरू, पोडोकार्पस, जुनिपर, सगळे ‘पाइन’ या एका नावाखाली खपतात. यांतला एकही पाइन नाही, आणि प्रत्येकाची निगा वेगळी. म्हणून कुंडीतली माती बघण्याआधी मी सुया मोजते. खऱ्या पाइनच्या सुया जुडग्यांत येतात आणि जुडग्याच्या बुडाशी पातळ कागदासारखं वेष्टन असतं. एका जुडग्यात पाच सुया असतील तर तो बहुधा जपानी पांढरा पाइन, तीन असतील तर आपल्याकडे बहुतेक वेळा हिमालयातला चीड, दोन असतील तर काळा किंवा तांबडा पाइन. भाऊंच्या झाडाच्या सुया दोन-दोन होत्या, ताठ आणि बोटाला टोचणाऱ्या. शेंड्यावरच्या कळ्या रुपेरी पांढऱ्या होत्या. तांबड्या पाइनच्या सुया मऊ असतात आणि कळ्या तांबूस. म्हणजे हा काळा पाइन, पाइनस थनबर्गी.

हे कळल्यावर मला हायसं वाटलं. पाच सुयांचा पांढरा पाइन हा थंड डोंगरातला. तो गोव्यात आणूच नये, कुणी फुकट दिला तरी. काळा पाइन मात्र जपानच्या समुद्रकाठचा आहे. शिझुओकातली मिहो नो मात्सुबारा ही माउंट फुजीसमोरची प्रसिद्ध वनराई काळ्या पाइनचीच, अगदी वाळूच्या किनाऱ्यावर. खारा वारा आणि दमट उन्हाळा त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. पाइन बोन्सायसाठी नावाजलेल्या ताकामात्सु शहरात ऑगस्टमध्ये पारा रोज ३२-३३ अंशांपर्यंत जातो. आपला मे महिना याहून फारसा वेगळा नाही.

वेगळं आहे ते पावसाचं गणित. ताकामात्सुला वर्षभरात १,१०० ते १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. गोव्यात ३,००० मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हे झाड ज्या बंगळुरातून आलं ते समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंचीवर आहे आणि तिथला पाऊस गोव्याच्या एक तृतीयांश. तिथल्या नर्सरीत जे मिश्रण आणि जो सोपा चालून गेला असता, तो फोंड्यात चालणं शक्य नव्हतं.

बिघाड कुठे होता

पाइनच्या जुन्या सुया वयानुसार पिवळ्या होऊन गळतातच, त्याची काळजी नको. फांदीच्या आतल्या बाजूच्या, मागल्या वर्षाच्या सुया गेल्या तर तो ऋतुक्रम झाला. इथं उलटं होतं. यंदाच्या नव्या सुया टोकाकडून पिवळ्या-तपकिरी होत होत्या आणि आतल्या जुन्या त्या मानाने हिरव्या होत्या. सुया पांढऱ्या कागदावर झटकल्या, लाल कोळी नव्हता. पिठ्या ढेकूणही नव्हता. सुयांवर तपकिरी पट्टे किंवा काळे ठिपके नव्हते, म्हणजे पानांवरच्या बुरशीचा संशय कमी. राहिली मुळं.

कुंडी आडवी करून मुळांचा मातीसकट गोळा अलगद बाहेर काढला. वरचा तीन बोटं थर बरा होता. खालचा थर म्हणजे लाल चिखल, त्याला आंबूस वास. त्यातलं एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर बाहेरची काळी साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. हे सडलेलं मूळ. वरच्या थरातली मुळं टणक होती, टोकं मलईच्या रंगाची, आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या तंतूंचं जाळं. त्याला पावसात उगवणाऱ्या अळंब्यांसारखा वास होता. बुरशीनाशक ओतलं गेलं ते याच तंतूंवर. हे तंतू म्हणजे मायकोरायझा, पाइनच्या मुळांबरोबर राहणारी मित्रबुरशी. ती झाडाला पाणी आणि स्फुरद मिळवून देते आणि झाड तिला साखर देतं. पाइनच्या कुंडीत ती दिसणं ही चांगली खूण असते.

उथळ कुंडीत पाणी का साचतं हे भाऊंना पटायला वेळ लागला, कारण कुंडीला भोकं होती आणि भोकांतून पाणी गळतही होतं. पण बारीक मातीत केशाकर्षणामुळे तळाशी एक पूर्ण भिजलेला थर अडकून राहतो. त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. कण जितका बारीक तितका हा थर उंच. खोल कुंडीत त्याच्या वर भरपूर हवेशीर जागा उरते, उथळ कुंडीत जवळजवळ सगळाच गोळा त्या थरात बुडालेला असतो. कुळागरातली लाल माती पोफळीला सोन्यासारखी आहे, पण तिथं ती उतारावर आहे, तिच्याखाली जांभा आहे आणि शेजारून पाट वाहतो. कुंडीत यातलं काहीच नसतं.

उष्णतेचा संबंध इथं येतो. थंडीत मुळं मंद असतात, ती ओल बराच काळ सोसतात. गोव्यात पावसाळ्यातसुद्धा मातीचं तापमान २५ अंशांच्या खाली क्वचितच जातं. गरम मातीत मुळांचा श्वास जोरात चालतो, त्यांना प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. नुसतं ऊन या झाडाने सहज पेललं असतं. कोमट, साचलेलं पाणी त्याला पेलवलं नाही.

त्यात सोप्यावर उजेड अपुरा. पाइनला दिवसाचं निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. जुलैत आभाळच भरलेलं, वर कौलांची सावली. उजेड नाही म्हणून अन्न तयार होत नाही, अन्न नाही म्हणून नवी मुळं फुटत नाहीत. आणि एसी? त्याने पाइनला विश्रांती मिळत नाही. या झाडाला विसाव्याची खूण मिळते ती लांबत जाणाऱ्या रात्रींतून आणि आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या गारव्यातून. रात्रीपुरतं खोलीत आणून त्याला फक्त कोरडी हवा आणि रोजची उचलठेव मिळाली.

ऑगस्टमध्ये काय केलं

भाऊंचं म्हणणं होतं, गोळा पाण्याने स्वच्छ धुवून सगळी नवी माती भरू. कुळागरवाल्याचा हात तसाच चालतो, सडलं ते मुळापासून काढायचं. मी ठाम नाही म्हटलं. पाइनची मुळं पूर्ण उघडी करणं भर मोसमातही जोखमीचं असतं. अर्धं सडलेलं झाड, भर पावसाळ्यात, त्यातून वाचलं नसतं. ‘मग नुसतं बघत बसायचं?’ असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं, पण ते बोलले नाहीत.

तळाचा सुटलेला चिखल आणि निसटलेली मुळं तेवढी काढली. वरचा गोळा तसाच ठेवून त्यात बांबूच्या काडीने उभी भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात बारीक खडी भरली, म्हणजे गोळ्याच्या आत हवेला वाट झाली. मग सगळं झाड जाळीदार प्लॅस्टिकच्या टोपलीत बसवलं आणि भोवती जाड खडी घातली. खडीसाठी बाहेरून काही मागवलं नाही. घराच्या मागे जुनी मंगळुरी कौलं रचून ठेवलेली होती, ती फोडली. चिऱ्यांच्या ढिगातले कडक तुकडे वेचून घेतले, मऊ आणि भुसभुशीत जांभा बाजूला काढला, कारण तो वर्षभरात विरघळून पुन्हा चिखल होतो. त्यात थोडा लाकडी कोळसा. तीन ते सहा मिलिमीटरचा माल चाळून घेतला, आणि बारीक भुकटी पाण्याने जाईपर्यंत धुतला. हे धुणं लोक टाळतात. पहिल्याच पावसात भुकटी खाली बसते आणि सगळी मेहनत तळाशी थर होऊन राहते. समुद्राची वाळू चुकूनही घालू नये. मीठ तर आहेच, शिवाय कण फार बारीक.

टोपलीच्या एका बाजूखाली लाकडाची चीप सरकवून ती तिरकी ठेवली. तिरक्या कुंडीत अडकलेलं पाणी एका कोपऱ्याकडे सरकतं आणि बरंचसं निघून जातं. पावसाळ्यात हा उपाय कुणीही, कुठल्याही बोन्सायला, आजच्या आज करावा.

उजेडाचा प्रश्न वहिनींनी सोडवला. खळ्यावर सुपारी वाळवायला पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर घातलेलं होतं. सुपारी उतरते पावसाळा सरल्यावर, म्हणजे पावसाच्या महिन्यांत ती जागा मोकळीच. “तिथं ठेवा की, पाणी लागत नाही आणि उजेडही आहे,” त्या म्हणाल्या. इतकी योग्य जागा शोधून सापडली नसती. आत वाफ कोंडू नये म्हणून बाजूचे पडदे वर बांधले, वारा आरपार खेळता राहिला. नोव्हेंबरात सुपारी आत आली आणि झाड बाहेर उन्हात गेलं. दोघांची पाळी एकमेकांना अशी जुळली की आता ती घरची पद्धतच झाली आहे.

खत बंद. छाटणी बंद, फांद्या वळवायला तारही नाही. पाणी फक्त बांबूची काडी दोन बोटं खोल खुपसून, बाहेर काढल्यावर ती जवळपास कोरडी निघाली तरच. हे भाऊंना सगळ्यात जड गेलं. आजारी झाडाला काहीतरी द्यावंसं वाटतं माणसाला.

गणेशचतुर्थी झाली तरी फरक नव्हता. सप्टेंबर तसाच गेला. ऑक्टोबरच्या उन्हात शेंड्यावरच्या कळ्या टणक झाल्या, चिमटीत धरल्या तर दबेनात, आणि त्यांच्यावर राळेचा बारीक थेंब दिसला. तेव्हा मी घरच्यांना सांगितलं की झाड राहील. डावीकडची लांब फांदी मात्र गेली. तिच्यावरच्या सगळ्या सुया झडल्या होत्या, आणि पाइनच्या सुया नसलेल्या जुन्या लाकडावर नवी फूट येत नाही. वड किंवा चिंचेसारखी आशा इथं ठेवता येत नाही. ती फांदी साल काढून पांढरं लाकूड म्हणून राखायचा विचार झाला, पण आपल्या दमट हवेत मऊ लाकूड टिकवणं म्हणजे कायमची कटकट, आणि कुज बुंध्यात उतरण्याची भीती. कापली. भाऊ त्या वेळी घरात निघून गेले.

जानेवारी, आणि दुसरा पावसाळा

मुळांचं खरं काम जानेवारीच्या शेवटी केलं. गोव्यात तेव्हा रात्री २० अंशांपर्यंत उतरतात, हवा कोरडी असते, कळ्या फुगू लागलेल्या असतात पण उघडलेल्या नसतात. गोळ्याची फक्त अर्धी बाजू उकरून लाल माती काढली आणि नवी खडी भरली. उरलेली अर्धी बाजू हात न लावता ठेवली, म्हणजे झाड जुन्या मुळांवर जगतं आणि मित्रबुरशीही टिकते. काढलेल्या मातीतले पांढरे तंतूवाले दोन-चार चिमटे नव्या खडीत मिसळले. फेब्रुवारीत कँडल आल्या, मागच्या वर्षीपेक्षा आखूड, पण सगळ्या फांद्यांवर.

जपानी पद्धतीत काळ्या पाइनच्या कँडल उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जून-जुलैत, कापतात. त्यामुळे दुसरी, आखूड सुयांची फूट येते. ते वेळापत्रक इथं लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जूनमध्ये कापलं की दुसरी फूट बरोबर ढगाळ, ओल्या महिन्यांत उघडते, लांबुळकी होते आणि बुरशीला आयती सापडते. निरोगी झाडाची कँडल कापायचीच तर पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पुढे उन्हाचे सात-आठ महिने हाताशी असतात. भाऊंच्या झाडाला तर कात्री लावायचा प्रश्नच नव्हता.

पावसाळ्याआधीची फवारणी भाऊंनी स्वतः सुचवली, आणि इथं त्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा पक्कं होतं. पोफळीला कोळेरोग, म्हणजे सुपारी कुजून गळण्याचा रोग, येऊ नये म्हणून कुळागरात पाऊस लागण्याआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. कोळेरोगाला कारण फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जंतू, आणि पाण्यात बसलेल्या पाइनची मुळं कुजवणाऱ्यांतही त्याच कुळातले जंतू असतात. ही फवारणी सुया वाचवते, मुळं नाही. मुळांना निचराच हवा. तरी पानांवरच्या बुरशीसाठी ती उपयोगी आहेच. शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना हे प्रमाण. एका झाडाला एक लिटर पुरतं, म्हणजे दहा-दहा ग्रॅम. भाऊंनी दोन प्लॅस्टिकच्या डब्यांत दोन्ही वेगवेगळे विरघळवले, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत ओतलं, ढवळलं, आणि कोयत्याचं पातं क्षणभर बुडवून बाहेर काढलं. पात्यावर तांबूस लेप आला. चुना कमी पडला की असं होतं आणि तसं मिश्रण पानं करपवतं. आणखी चिमूटभर चुना, पुन्हा पातं, या वेळी स्वच्छ. मगच फवारलं. टोपलीवर आधी प्लॅस्टिक अंथरून घेतलं, म्हणजे तांब्याचं पाणी मुळांकडच्या मित्रबुरशीपर्यंत उतरू नये.

मे महिन्यात झाड भर उन्हात होतं. टोपलीभोवती तेवढं ओलं गोणपाट गुंडाळलं, म्हणजे सुयांना ऊन आणि मुळांना गारवा. पाणी सकाळी भरपूर, गरज वाटली तर संध्याकाळीही. खडीत पाणी साचत नसल्यामुळे उन्हाळ्यात ते जास्त द्यावं लागतं, हे मान्य करूनच या मार्गाला लागावं. पाऊस लागला तसं झाड सुपारीच्या छपराखाली गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात नव्या सुया टोकापर्यंत हिरव्या राहिल्या.

एक नवी गोष्ट मात्र पाहायला मिळाली. शेंड्याचा एक कोंब थांबेचना. कळी न बांधता, बाजूची फूट न देता तो सरळ लांबतच गेला, कोल्ह्याच्या शेपटीसारखा. उष्ण प्रदेशातल्या पाइन लागवडीत हा प्रकार माहितीचा आहे. हिवाळ्याची ठळक खूण मिळाली नाही की कोंब वाढ थांबवतच नाही. फोंड्यात सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांहून मोठा असतो, ताकामात्सुत तो दहा तासांच्याही खाली येतो. ऑक्टोबरात तो कोंब आम्ही खालच्या सुया राखून आखूड केला. त्याच्याखाली आता बारीक कळ्या दिसतात. नोव्हेंबरपासून कडुनिंबाच्या पेंडीची छोटी पुरचुंडी टोपलीच्या कडेला असते, मेअखेर ती काढायची. डिसेंबर-जानेवारीत पाणी थोडं आखडतं घेतो. थंडी देता येत नाही, पण तेवढ्याने वाढ जरा धिमी होते.

ज्यांच्याकडे असं छप्पर नाही, वर्षातले चार महिने झाड पावसाखालून काढायची सोय नाही, त्यांनी बोन्सायसाठी सुरूचा वृक्ष घ्यावा, असं मी मनापासून सांगते. तो आपल्या किनाऱ्यावर रुळलेला आहे, छाटणीला भराभर प्रतिसाद देतो आणि दुरून पाइनसारखाच दिसतो. त्यात काही कमीपणा नाही. पण सोय असेल तर काळ्या पाइनला उगाच अशक्य म्हणू नये.

गोळ्याचा दुसरा अर्धा भाग या जानेवारीत करायचा आहे. त्यानंतर झाड पुन्हा उथळ कुंडीत घालायचं की नाही यावर आमचं अजून जमलेलं नाही. भाऊंना ती निळी कुंडी हवी आहे, आणि फांदी गेल्यामुळे झाड उजवीकडे झुकवून नव्याने बसवावं असं त्यांच्या मनात आहे. मला टोपली आणखी एक पावसाळा हवी आहे. उजवीकडे झुकवण्याची कल्पना मात्र मला आवडली आहे, आणि ती टोपलीतही करता येईल, असं मी त्यांना कळवलं आहे.